कन्हान उभी होती

गेल्या रविवारी दुपारी, वहिनी, नागपूरजवळच्या वाडीतल्या तुमच्या घरी तुमचा मृत्यू झाला. घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. तुमच्या आईंना काही दिवस राहायला आणायचं म्हणून दादा सकाळीच तुमच्या माहेरी, खाप्याला गेला होता. तुमचा अनूप पुण्यात त्याच्या खोलीवर होता आणि मी नागपुरात माझ्या घरी. तरी आपण तिघं एकत्र होतो. दर रविवारी असायचो तसे, आपापल्या लॅपटॉपसमोर, कानांवर हेडफोन, एकाच खेळातल्या एकाच गुहेत.

तुमचं खेळातलं पात्र, कन्हान, आमच्या पुढे उभी होती. ती उभी होती म्हणून आम्हाला काही कळलं नाही.

डॉक्टरांनी हृदय अचानक बंद पडल्याचं सांगितलं. नेमकं कधी, ते त्यांना सांगता आलं नाही. दादा अजून बोलत नाही. तुमच्या आई खाप्याहून आणलेली पिशवी अजून उघडत नाहीत. अनूप बोलतो, पण एकच गोष्ट विचारतो. घाटावरून परतताना गाडीत त्याने ती पहिल्यांदा विचारली.

"काका, आई शेवटी एकटी होती का?"

त्याचा अर्थ मला लगेच कळला, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. खेळ मध्येच सोडून तुम्ही कुकर बघायला गेला होतात. तुम्ही तिथेच पडलात, की परत येऊन आमच्यात बसला होतात? नातेवाईक त्याला समजावतात की आता काय फरक पडतो. त्याला पडतो. मी इतकी वर्षं बातम्या लिहिल्या आणि तपासल्या. कोण कुठे होतं हे पक्कं झाल्याशिवाय मजकूर पुढे सोडायचा नसतो. हा मजकूर तुम्हालाच उद्देशून आहे, त्यामुळे त्यात ढिलाई चालणार नाही. तुम्ही चालू दिली नसतीत.

अनूपला पुण्यात नोकरी लागली त्या दिवाळीत हे सुरू झालं. जाताना त्याने जुना लॅपटॉप तुमच्यासाठी ठेवला. फोनवर "जेवलास का", "हो जेवलो" एवढंच होतं, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बरोबर खेळू, अशी त्याची कल्पना होती. मी फराळाला आलो होतो, म्हणून मलाही ओढलं गेलं. समोरच्या पडद्यावर पात्र निवडायचं होतं. एक उंच, सडपातळ बाई आली. तिच्या अंगावर चिलखत म्हणून जे होतं ते छातीपुरतं लोखंड होतं. पोट उघडं, मांड्या उघड्या.

"हे काय आहे गा?" तुम्ही विचारलंत.

"जड चिलखत आहे आई. सगळ्यात मजबूत."

"पोट उघडं ठेवून?"

"तसंच डिझाइन आहे त्याचं."

"अन् हेच पुरुषाले घातलं तं?"

अनूपने पात्र बदलून दाखवलं. त्याच नावाचं, तेवढ्याच ताकदीचं चिलखत पुरुषाच्या अंगावर हनुवटीपासून घोट्यापर्यंत आलं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. "पाह्यलं भाऊजी? माल एकच, बिल्टी एकच, अन् बाईच्या वाट्याले डिलिव्हरी अर्धी."

वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तुम्ही ट्रकबरोबर जाणाऱ्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, करत होतात. माल कमी पोचला की कोणाला धरायचं हे तुम्हाला माहीत असायचं. इथे धरायला कोणी नव्हतं. मग तुम्ही एकामागून एक खेळातल्या सगळ्या जातींच्या बायका काढून पाहिल्यात. शेवटी एक ठेंगणी, रुंद खांद्यांची, जाड वेण्यांची बाई सापडली. तिचं चिलखत पूर्ण होतं. गळ्यापर्यंत लोखंड, हातमोजे, गुडघ्यांवर वाट्या.

"हे झालं कापड," तुम्ही म्हणालात. "हिले घ्या."

"आई, ही बुटकी आहे. हिला कोणीच घेत नाही."

"मी काय लांब आहे का?"

नाव काय ठेवायचं यावर तुम्ही विचारही केला नाहीत. माहेरच्या गावाजवळून वाहते ती नदी, कन्हान. खेळात ते नाव कोणी आधी घेतलेलं नव्हतं, याचा तुम्हाला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

मग कामांची वाटणी. अशा खेळात तिघं असले की एक जण पुढे उभा राहून सगळे वार अंगावर घेतो, एक मागून मारतो आणि एक जखमा भरून काढतो. अनूपने तुमच्यासाठी जखमा भरण्याचं काम ठरवून ठेवलं होतं. मागे राहायचं, धावपळ नाही, ज्याचा जीव कमी होईल त्याच्यावर बोट ठेवायचं. आईला सोपं जाईल, असं त्याचं म्हणणं होतं.

"घरात तेच करून राहिली मी इतकी वर्षं," तुम्ही म्हणालात. "इथं बी मीच मलम लावू? ते भाऊजीले द्या. त्याहिले सवय होऊ द्या."

मी हीलर झालो, अनूप तिरंदाज आणि तुम्ही सगळ्यात पुढे. त्या दिवशी ठरलेली ही जागा शेवटपर्यंत बदलली नाही.

चिलखताची तुमची निवड मात्र कोणालाच पटायची नाही, आणि त्यावरून आपला वाद कधी संपला नाही. खेळणारे लोक चिलखत निवडताना दोन गोष्टी बघतात. एक तर वार किती झेलतं, आणि दुसरं, अंगावर घालून हालचाल किती होते. हुशार माणसं हलकं चामड्याचं घेतात आणि वार चुकवतात. तुम्ही तिसरीच गोष्ट बघत होतात. तुम्ही काट्यांचं चिलखत घेतलंत. त्याच्यावर जो वार करेल त्याला काटे टोचतात आणि तो चिडून तिथेच मारत राहतो, दुसरीकडे वळत नाही. पट्टा असा निवडलात की गेलेला जीव हळूहळू आपोआप भरून येतो. बूट असे की कोणी ढकललं तरी पाऊल मागे जात नाही. हातमोज्यांतही जोर वाढवणारे सोडून टिकाव वाढवणारे. अशा पात्राने काही मारलं जात नाही. लढाया लांबतात. पण ते पात्र कीबोर्डला हात न लावता उभं राहू शकतं.

त्याचं कारण तुमच्या घरात होतं. रविवारी दुपारी दारावर कोणी ना कोणी यायचं. पाण्याची मोटर बंद करायची असायची. दूध ओट्यावर असायचं. बाकीचे लोक अशा वेळी लढाई थांबवतात. तुम्ही म्हणायचात, "उभी करून जाते, सांभाळा," आणि कन्हान राक्षसासमोर ढाल घेऊन उभी राहायची, तिच्या मालकिणीने मोटर बंद करून येईपर्यंत. मी मागून तिच्या जखमा भरत राहायचो. तुम्ही परत यायचात आणि विचारायचात, "मेली तं नाई ना?" ती कधी मेली नाही. तुम्ही प्रत्येक तुकडा त्याच हिशेबाने निवडला होता.

एकदा एक अनोळखी खेळाडू आपल्यात आला होता. काट्यांचं चिलखत बघून त्याने लिहिलं, आंटी टाइप बिल्ड है; बिल्ड म्हणजे पात्राची एकूण जुळणी. अनूप भडकला. त्याला उत्तर देऊ लागला.

"राहू दे गा," तुम्ही म्हणालात. "आंटीच आहे मी. खोटं थोडीच लिहिलं."

त्या दिवशी तो पोरगा दोनदा मेला आणि कन्हान एकदाही नाही. जाताना त्याने तुम्हाला नमस्कार केल्याची खूण पाठवली. तुम्ही ती ओळखली नाहीत. तुम्हाला वाटलं तो अंगावरच्या उवा झाडतोय.

माझा वाद असा होता की अशाने तुम्ही नुसत्या मार खात राहता. वाडीच्या रस्त्यावरच्या वाहतुकीवर मजकूर करायला मी आलो होतो तेव्हा तुमच्या ऑफिसात चहाला थांबलो. बाहेर गोदामासमोर ट्रक भरत होता. मी म्हणालो, "वहिनी, चामड्याचं घेऊन पाहा. जरा सरकायला शिका. अर्धे वार चुकतील."

"अन् चुकलेला वार कुठं जाईल?"

"जाईल कुठेही. हवेत."

"हवेत नाई जात, भाऊजी. मागं तुमी उभे आहा. तुमच्या मागं अनूप. मी सरकली तं तो तुमच्या डोक्यात बसंल. तुमचं ते झबलं पाह्यलं का? एका फटक्यात जाल."

हीलरच्या अंगावर कापडाचा झगा असतो. त्याला तुम्ही नेहमी झबलं म्हणायचात. मी म्हटलं, खेळ आहे, मेलो तर परत उठतो. तुम्ही बिल्टीवर शिक्का मारलात आणि म्हणालात, "उठता हो. पण मरता कशाले?"

मी दुसऱ्या रविवारी नव्याने मुद्दे काढले.

फिरती थांबवून मला डेस्कवर बसवलं गेलं तेव्हा मी कोणाशी फारसं बोललो नव्हतो. बातमी आणणारा माणूस दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करू लागतो, तेव्हा घरी त्याचं वर्णन बढती असंच केलं जातं. त्या रविवारी आपण गुहेच्या तोंडाशी अनूपची वाट बघत होतो. तुम्ही सहज म्हणालात, "आता तिथं बी मागंच उभं राहाचं अन् दुसऱ्याचा जीव सांभाळाचा. जमंल तुमाले. चांगला सांभाळता." मी "हं" म्हटलं. अनूप आला आणि आपण आत गेलो. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. आपल्या घरात दीर आणि भावजय यांच्यात मैत्री आहे असं कोणी म्हणत नाही. तुम्ही मला भाऊजी म्हणत राहिलात, मी तुम्हाला वहिनी. आठवड्यात ज्या माणसाशी मी सर्वांत जास्त हसून बोलत होतो, ते माणूस तुम्ही होतात, हे मीही मोजून पाहिलं नव्हतं.

अनूपच्या लग्नाचं नुसतं बोलणं सुरू झालं होतं तेव्हाची सीताबर्डीच्या बाजारातली एक खरेदी आठवते. दादा बाहेर गाडीपाशी थांबला होता. दुकानदार तुमच्यापुढे साड्या उलगडत होता आणि तुम्ही पदर ताणून, वजन तोलून, मला कानात सांगत होतात, "दिसायले भारी, पण झेलणार नाई." त्याने कौतुकाने विचारलं, ताई, काय झेलायचं आहे? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "पाहुणे."

आता रविवार.

त्या गुहेच्या शेवटी दगडी अंगाचा एक बैल आहे. त्याच्यापुढे आपण बरेच रविवार हरलो होतो. तो जमिनीवर खूर आपटतो आणि पुढे उभ्या असलेल्याने बाजूला व्हायचं असतं. तुम्ही व्हायच्या नाहीत. म्हणून हरतो, असं माझं म्हणणं होतं. अनूपलाही आता तसंच वाटू लागलं होतं. त्याने तुमच्यासाठी हलक्या चामड्याचा एक पूर्ण जोड मिळवून ठेवला होता.

"आई, आज घालून पाह्य ना वं. एकच वेळा."

"पुढच्या रविवारी. आज आजी येऊन राहिली, माझं ध्यान अर्धं गॅसवर आहे. उभी करून जावं लागंल."

लढाई सुरू झाली. बैलाचा जीव निम्म्यावर आला असताना तुमच्याकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. तुम्ही म्हणालात, "पाहून येते. सांभाळा." मग तुमच्या नावापुढचं माइकचं चिन्ह लाल झालं. स्वयंपाकघरात जाताना तुम्ही माइक बंद करायचात, कारण एकदा शिट्टीने अनूप खुर्चीतून पडायचा राहिला होता. हेडफोन टेबलावर काढून ठेवायचात. वेगळं असं काहीच घडलं नाही.

त्यानंतर तुमचा आवाज आला नाही.

कन्हान उभी होती. बैल तिच्यावर मारत होता, काटे त्याला टोचत होते, पट्टा थोडा थोडा जीव भरत होता, उरलेला मी भरत होतो. अनूप मागून बाण मारत होता. आम्ही गप्पा मारत होतो. आजीला यंदा रिक्षाने नाही, मेट्रोने फिरवायचं, असं अनूप म्हणत होता. हलकं चामडं अंगावर असतं, तर कीबोर्डवर कोणाचा हात नसलेलं पात्र खुराच्या पहिल्या आपटण्यात आडवं झालं असतं. पात्र आडवं झालं की आपण फोन करतो. ते उभं राहिलं.

बैलाचा जीव संपत आला तेव्हा त्याने एकदम उडी घेतली. त्याच क्षणी कन्हानने ढाल डोक्यावर धरली. हे मी पाहिलं. ढाल वर धरायला कळ दाबावी लागते. ती आपोआप होत नाही. मला वाटलं, आल्या. मी म्हणालो, "आलात का वहिनी?" उत्तर आलं नाही. माइक लालच होता. अनूप मागच्या दगडाआड होता, त्याला कन्हान दिसत नव्हती.

बैल पडला. आम्ही पहिल्यांदा जिंकलो होतो. अनूप ओरडला, त्याच्या शेजारच्या खोलीतल्या कोणीतरी भिंत ठोकल्याचंही मला ऐकू आलं. मी म्हणालो, "हरलो वहिनी. तुमचं चिलखत बरोबर, माझं म्हणणं चूक. आता चामड्याचं नाव काढणार नाही." लाल चिन्ह तसंच होतं. तुम्ही परत आल्यावर हे पुन्हा म्हणावं लागेल, असं मी अनूपला सांगितलं. तो म्हणाला, "काका, लेखी द्या."

मग आम्ही वाट पाहिली. रिकाम्या गुहेत तिघं उभे. अनूप हाका मारू लागला. आधी चेष्टेत, "ओ कन्हानबाई, चला". मग नुसतं "आई". त्याने फोन लावला. फोन वाजत राहिला. मी लावला. मग अनूपने दादाला लावला. दादा तुमच्या आईंना घेऊन सावनेरच्या पुढे आला होता. त्याने शेजारच्या निमाताईंना फोन केला, कारण तुमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. मी गाडी काढली. अनूप हेडफोन लावून तिथेच बसला आणि हाका मारत राहिला. बंद केलं तर आई आलेली कळणार नाही, असं त्याला वाटत होतं.

मी वाडीत पोचलो तेव्हा तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं. तिथे पोचण्याआधीच तुमचा मृत्यू झाल्याचं डॉक्टरांनी दादाला सांगितलं. दादाने ते तुमच्या आईंना सांगितलं नाही. त्यांना ते त्याच्याकडे बघून कळलं.

तुम्ही कुठे सापडलात, याची पहिली माहिती समोरच्या किराणा दुकानाच्या मालकांकडून आली. निमाताईंच्या हाकेने ते धावत वर गेले होते. "स्वयंपाकघराच्या दाराशी होत्या, खाली," असं त्यांनी दादाला सांगितलं. दादाने अनूपला सांगितलं. रात्री पुण्याहून येणाऱ्या बसमध्ये अनूप एवढंच घेऊन बसला होता. आई स्वयंपाकघराच्या दाराशी पडली होती, आणि तो गुहेत जिंकल्याबद्दल ओरडत होता.

ढालीचं मी त्याला सांगितलं नाही. ते एकट्या माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं आणि त्याला दुसरा आधार नव्हता. मला ते पाहायचं होतं, म्हणून पाहिलं असंही असू शकतं. दुकानाचे मालक खोटं बोलत नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे मला कळत नव्हतं. कुकर ओट्यावर होता, गॅस बंद होता. म्हणजे तुम्ही गॅसपर्यंत पोचला होतात. त्यापुढचं कोणालाच माहीत नव्हतं.

माहिती असलेलं माणूस एकच होतं, सगळ्यांत आधी आत गेलेलं. पण त्याच संध्याकाळी निमाताईंचं बीपी वाढलं आणि त्यांची मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. मी फोन केला. "वहिनी" एवढा शब्द काढताच त्या रडू लागल्या आणि मुलीने फोन घेतला. आता काही विचारू नका काका, ती म्हणाली. मी विचारलं नाही.

मधल्या दिवसांत अनूपने तुमचा लॅपटॉप उघडला. खेळात शिरला नाही. कन्हान आत कुठे उभी असेल, असं त्याने मला विचारलं. मी म्हणालो, संपर्क तुटला की पात्र बाहेर पडतं, उभं राहत नाही. त्याने लॅपटॉप मिटला. चिलखताबद्दल तो एकदाच बोलला. "मी तिला झगाच घालायला लावायला पाहिजे होता, काका. ती पडली असती ना लगेच." मी त्याला सांगितलं की तसं तुम्ही ऐकलं नसतंत. हे त्याला माहीत होतं. तो थोडासा हसलाही.

निमाताई काल परत आल्या. आल्या आल्या तुमच्याकडे आल्या, तुमच्या आईंजवळ बसल्या. मी आणि अनूप आतल्या खोलीत होतो. थोड्या वेळाने त्या स्वतःच आत आल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या. लॅपटॉपचं टेबल पलंग आणि कपाटाच्या मधल्या बोळीत आहे. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "इथून काढता काढता माह्या नाकी नऊ आले बाबू."

अनूपने मान वर केली. "इथून?"

"मंग? जागाच कुठं हाये इथं? खुर्चीत होती ते. मान अशी बाजूले. मले वाटलं झोपली. हात लावला तं..." त्या थांबल्या. "मंग खुर्चीच ओढत नेली बाहेर, चाकं हायेत ना त्याले. स्वयंपाकघराच्या दाराशी मोकळं हाये, पंखा हाये, तिथं खाली घेतलं. मंग ते दुकानवाले आले."

मी विचारलं, "निमाताई, तुम्ही आत आलात तेव्हा वहिनी या टेबलाशी खुर्चीत बसल्या होत्या, हे नक्की?"

"नक्की म्हणजे काय भाऊ? मीच तं होती. खुर्ची ओढली तं मागून वायर ताणली. कानावरचं ते निघेना, मंग मी हातानं काढलं."

"हेडफोन कानांवर होते?" अनूपने विचारलं.

"हाव ना. दोन्ही कानांवर."

स्वयंपाकघरात जाताना तुम्ही ते काढून ठेवायचात; अनूप टेबलाकडे बघत राहिला. निमाताईंना वाटलं, त्याला समजलं नाही. त्यांनी स्वतःच्या दोन्ही कानांवर हात ठेवून दाखवलं.

"अन् आवाज येऊन राहिला होता त्याच्यातून," त्या म्हणाल्या. "तुहाच होता गा. आई, आई करून राहिला होता तू."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, तेव्हाही तो आवाज चालू होता.